तुम्ही विचारलंत म्हणून: दीड लाख पळालेली डिझेल

लग्नाच्या पंगतीत, गॅरेजच्या बाकड्यावर, नाहीतर रात्री जेवणानंतर फोनवर, प्रश्न साधारण एकच असतो. "रोजचं शंभरेक किलोमीटर जाणं-येणं आहे, घरात पाच माणसं, नवी परवडत नाही. जुन्यातली डिझेल घ्यायची म्हणतोय. कोणती घेऊ?" मी कराडला राहतो, काम शेतीपंपांच्या सर्व्हिसचं. सांगली, सोलापूर, चिपळूण असं सतत सुरू असतं, म्हणून लोक मला विचारतात. त्यांना एक नाव हवं असतं. नाव सांगतो, पण जरा पुढे. आधीच सांगितलं की बाकीचं कोणी ऐकत नाही.

आधी डिझेल हवीच का, ते बघू. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरा. वर्षाला ३०,००० किलोमीटर पळणार असाल तर लिटरला १५ देणारी पेट्रोल गाडी २ लाख ८ हजारांचं तेल पिते, २० देणारी डिझेल १ लाख ३६ हजारांचं. वर्षाला ७० हजारांच्या वर वाचले. हाच हिशेब १०,००० किलोमीटरवर मांडला तर हातात २४ हजार राहतात, आणि ते डिझेलची महाग सर्व्हिस आणि एखादा इंजेक्टर मिळून कधी खाऊन टाकतात ते कळतही नाही. २०१२ च्या सुमाराला दोन्हींत लिटरमागे तिसेक रुपयांचा फरक होता, तेव्हा डोळे झाकून डिझेल घेतली तरी चालायचं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाले आणि ते दिवस संपले. एकटेच जाणार-येणार असाल आणि वाटेवर पंप असेल तर सीएनजी याहून स्वस्त पडते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण पाच माणसं, सामान आणि समोर कुंभार्ली घाट असेल, तर सिलिंडरने अडवलेली डिकी आणि चढाला धापा टाकणारं इंजिन नको वाटतं. तिथे डिझेलच.

आता जे ऐकून लोक नाराज होतात ते सांगतो. कमी पळालेली गाडी शोधू नका, जास्त पळालेली शोधा.

आठ वर्षांची डिझेल आणि मीटरवर ४०,००० अशी जाहिरात दिसली की लोकांचे डोळे चमकतात. मला दोनच शक्यता दिसतात. एक तर मीटर मागे केलेलं आहे. डिजिटल मीटर आल्यापासून हे काम अवघड होईल असं वाटलं होतं, उलट सोपं झालं. दुसरी शक्यता अशी की गाडी खरंच एवढीच पळाली आहे, म्हणजे भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला, दोन-दोन किलोमीटर. डिझेल इंजिन उशिरा तापतं. तापायच्या आत बंद केलं की काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) साचते, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चालवण्यात क्लचप्लेट झिजते ती वेगळीच. याउलट हायवेला पाचव्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमच्या आसपास तास-तासभर चाललेलं इंजिन फारसं झिजत नाही. सहा वर्षांत दीड लाख पळालेली, प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाइलला लावलेली गाडी मी त्या चाळीस हजारवालीपेक्षा कधीही आधी घेईन. वर ती स्वस्तही मिळते, कारण मीटरचा आकडा बघून बाकीचे गिऱ्हाईक पळून गेलेले असतात.

फक्त ती हायवेलाच पळाली हे विकणाऱ्याच्या शब्दावर मानू नका. "डॉक्टरची गाडी आहे साहेब" हे दलालाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की राज्यात डॉक्टर जास्त की त्यांनी विकलेल्या गाड्या, असा प्रश्न पडतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दर भेटीला मीटर नोंदवलेलं असतं, मालकाला ती यादी काढून द्यायला सांगा. आकडे ओळीने चढत गेलेले दिसले पाहिजेत. आणि माझी एक आवडती युक्ती: फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. तासवडे, किणी, आनेवाडी असे टोल आठवड्यातून तीन-तीनदा दिसले तर माणूस खरं बोलतोय. महिन्यात एकही टोल नाही आणि म्हणतो सगळं हायवे रनिंग, तर चहा पिऊन निघायचं.

आरसीवर गाडी आधी टॅक्सी म्हणून नोंदलेली होती का, तेही बघा. पिवळ्या पाटीची पांढरी करून विकलेल्या डिझायर पुष्कळ आहेत. ती वाईटच असते असं नाही, पण भाव तसा हवा.

साल कोणतं? देशभर बीएस-४ (गाडीच्या धुराचा सरकारी निकष) लागू झालं १ एप्रिल २०१७ ला, बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० ला. २०१७ ते २०१९ च्या बीएस-४ गाड्या मला सर्वांत सोयीच्या वाटतात. इंजिन साधं, बहुतेकांना डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) नाही, आणि नोंदणी पंधरा वर्षांची असल्याने अजून बरीच वर्षं हातात. बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो. तो काजळी अडवतो आणि सहाशे अंशांच्या आसपास तापला की जाळून टाकतो. रोज हायवेला जाणाऱ्याला हे आपोआप होतं, त्याने घाबरू नये. ज्याचं रोजचं शंभर किलोमीटर म्हणजे पुण्याच्या आत हडपसर ते हिंजवडी अशा दोन खेपा आहेत, त्याने मात्र बीएस-६ डिझेलपासून लांब राहावं. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा पेटला की खिसा रिकामा झालाच.

आता नावं. घरात पाच माणसं आणि राहणं तालुक्याच्या गावी असेल तर माझं पहिलं बोट मारुतीच्या १.३ लिटर डिझेलवर, म्हणजे डिझायर किंवा अर्टिगा. इंजिन मूळ फियाटचं, १२४८ सीसीचं. स्विफ्टपासून टाटाच्या व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत ते बसलं की त्याला हात लावू शकणारा मिस्त्री कुठेही सापडतो, सुटे भागही. खूप पळणाऱ्या माणसाला ही गोष्ट दहा फीचर्सपेक्षा मोलाची आहे, कारण गाडी बंद पडते ती पुण्यात नाही, आटपाडीच्या अलीकडे. अर्टिगातलं ९० पीएस ताकदीचं इंजिन डिझायरच्या ७५ वाल्यापेक्षा भरल्या गाडीला घाटात बरं. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका ताळ्यात ठेवायला, चेन आहे, पण तिचा ताण ऑइलच्या दाबावर असतो. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखडाट ऐकू येतो. तो ऐकलात तर पुढे बोलणी करू नका. मारुतीने २०२० पासून डिझेल बंदच केली, त्यामुळे चांगल्या गाड्या दरवर्षी कमी होत चालल्यात.

पैसे जास्त असतील तर इनोव्हा. जुन्या २.५ लिटरवालीला टायमिंग बेल्ट आहे, तो बदलल्याचं बिल मागायचंच. २०१६ नंतरच्या क्रिस्टाला चेन आहे. तीन लाख पळालेल्या इनोव्हालाही लोक मान देतात, आणि त्या मानाची किंमत विकणारा पुरेपूर लावतो. ह्युंदाईचं १.६ डिझेल, व्हर्ना आणि पहिल्या क्रेटातलं, हायवेला फार सुंदर चालतं. होंडा अमेझचं १.५ आवाज करतं पण ॲव्हरेज छान देतं. डस्टर खराब रस्त्याला राजा, फक्त तिलाही टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट चालू इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून "बदललाय" या शब्दाला किंमत नाही, बिलाला आहे.

गाडी बघायला जाताना आधीच सांगून ठेवा की स्टार्ट करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून थंड आहे ना ते बघा आणि मगच चावी फिरवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालेल, पण बंबाच्या नळीसारखा धूर बाहेर फेकला जात असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. मग आपला मिस्त्री बरोबर घेऊन निदान वीसेक किलोमीटर, शक्यतो चढाला, चालवा. टर्बो उघडताना शिट्टी वाढत जाते का आणि स्कॅनरला जुने एरर नुकतेच पुसलेत का, हे त्याला कळतं, आपल्याला नाही. त्याला हजार-दोन हजार द्यावे लागले तरी घासाघीस करू नका.

आमच्या भागात एक जादा तपासणी लागते. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि २०२१ चा चिपळूण-महाडचा, दोन्हींत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ राहून गेलेली असते. सीटच्या रुळांखाली बोट फिरवा. स्टेपनीच्या खड्ड्यात बघा.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या तिथे चालवायला हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांकडे वळल्या. इथे एनओसी, पुन्हा रोड टॅक्स आणि आरटीओच्या खेपा धरल्या तर स्वस्ताई बरीचशी विरघळते. मी त्या वाटेला जात नाही.

कागदांचं थोडक्यात. एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरली आहे का, चलनं भरली आहेत का, हे ॲपवर दिसतं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्या, आणि जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा.

हातातले सगळे पैसे मात्र गाडीवर संपवू नका. पाच लाख असतील तर साडेचारची गाडी बघा. राहिलेल्या पन्नास हजारांत पहिल्याच आठवड्यात ऑइल, चारही फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल बदलून घ्या, आणि टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. सहा वर्षांपूर्वीचे असतील तर नक्षी कितीही शिल्लक असू दे, बदला. नंतर टाकी फुल करून मीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. डिझायर हायवेला वीसच्या खाली देत असेल तर मिस्त्रीला फोन लावा.