चाळीस किलोचा व्हॉल्व्ह आणि साठ ग्रॅमचं पॅकिंग

जहाज २०१३ साली बांधलेलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका ड्राय डॉकमध्ये चढलेलं, बॉयलर थंड, वाफेच्या लाइन रिकाम्या. त्यावरच्या घातक पदार्थांची यादी तयार करायला आम्हाला चार दिवस मिळाले होते. कागदांवरून पाहिलं तर ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे ज्याची धूळ श्वासातून गेली तर घातक ठरते त्या तंतुमय खनिजाचा, प्रश्नच नव्हता. सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जुलै २००२ पासून नव्या बसवणुकीवर काही अपवाद सोडून बंदी आली आणि १ जानेवारी २०११ पासून ते अपवादही गेले. बांधणाऱ्या यार्डाचं 'ॲस्बेस्टॉस नाही' हे सही-शिक्क्याचं पत्र फाइलमध्ये पहिल्याच पानावर होतं.

तरीही नमुने घ्यायचे असतात. ही यादी, जिला आम्ही सगळे आयएचएम (इन्व्हेंटरी ऑफ हॅझार्डस मटेरियल्स) म्हणतो, नुसती कागदावरून उतरवून काढली तर तिचा काही उपयोग नाही. आधी ड्रॉइंग, मशीनची मॅन्युअल आणि खरेदीची कागदपत्रं गोळा करायची. मग प्रत्येक वस्तू तीनपैकी एका रकान्यात टाकायची: पदार्थ आहे, नाही, किंवा असण्याची शक्यता आहे. त्यावरून तपासणीचा आराखडा करायचा, मग जहाजावर उतरून बघायचं आणि नमुने काढायचे, आणि शेवटी यादी लिहायची. 'शक्यता आहे' हा रकाना सोयीचा वाटतो, कारण तिथे टाकलं की नमुना काढायचा त्रास वाचतो. पण पानोपानी 'शक्यता' लिहिलेली यादी पंचवीस वर्षांनी जहाज तोडणाऱ्या माणसाच्या हातात पडते तेव्हा त्याला काहीच कळत नाही. जिथे हात पोचतो तिथे नमुना काढावाच, या मताचा मी आहे.

आराखड्यात ॲस्बेस्टॉससाठी नेहमीच्या जागा होत्या. विंडलास (नांगर ओढायचं यंत्र) आणि विंचचे ब्रेक लायनिंग, एक्झॉस्टच्या लॅगिंगखालची (उष्णतारोधक आवरणाखालची) पट्टी, बॉयलरच्या दाराची दोरी, केबिनमधल्या फरशीखालचा थर, अग्निरोधक दारांचं भरण, आणि इंधन तापवणाऱ्या वाफेच्या लाइनवरचे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हमध्ये दोन ठिकाणं बघायची: बॉनेटखालचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाखालचं, चपटं पॅकिंग आणि स्पिंडलभोवतीची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायच्या दांड्याभोवतीची, ग्लँड पॅकिंगची दोरी.

त्या दिवशी उघडलेला व्हॉल्व्ह इंजिनरूमच्या खालच्या प्लॅटफॉर्मवर होता. परमिट घेतलं, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून टाळं-टॅग लावलं, ड्रेन उघडून लाइनमध्ये दाब नाही याची खात्री केली. त्या कोपऱ्याचा पंखा बंद केला, दोरी बांधून जागा वेगळी केली. एकदा वापरून टाकायचा सूट, एफएफपी-३ मास्क, नायट्राइल हातमोजे. खाली प्लास्टिक अंथरलं. बोल्ट सैल करायच्या आधीच सांध्यावर साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याची फवारणी केली. साबणामुळे पाणी तंतूंच्या आतपर्यंत शिरतं, नुसतं पाणी वरून ओघळून जातं. बॉनेट उचलल्यावर पुन्हा फवारणी.

पॅकिंग करड्या रंगाचं होतं, कडेला वाफेने काळवंडलेलं. धारदार पातीने एक तुकडा कापला तेव्हा कापलेल्या कडेवर बारीक, मऊ, पांढरे केस उभे राहिले. ग्रॅफाइटच्या पॅकिंगची कड काळी, चकचकीत, पापुद्र्यांची असते. अरॅमिडचा तंतू पिवळसर आणि कापायला चिवट. हे तसं नव्हतं. पण डोळ्यांनी निकाल द्यायचा नसतो, कारण काचतंतू आणि सेल्युलोजही फसवतात. तुकडा झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, दोन्हींवर क्रमांक. पाती ओल्या पुसण्याने पुसून तो पुसणाही कचऱ्याच्या पिशवीत टाकायचा. नाहीतर एका नमुन्याचा तंतू दुसऱ्यात जातो आणि अख्खी मालिका फुकट. फोटो, जागेचा फ्रेम क्रमांक, नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला त्या साखळी-नोंदीवर सही.

प्रयोगशाळेत असा नमुना थेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून भागत नाही. शीट पॅकिंगमध्ये तंतू रबरात घट्ट बसवलेले असतात. आधी भट्टीत रबर जाळून टाकायचं, मग आम्लात कार्बोनेट विरघळवायचं, आणि उरलेले तंतू ध्रुवीकृत प्रकाशात बघायचे. क्रायसोटाइलचे तंतू नागमोडी दिसतात आणि १.५५० अपवर्तनांकाच्या तेलात त्यांचा ठरावीक रंग उमटतो. निकाल आला: क्रायसोटाइल, सुमारे ६० टक्के. त्याच खरेदीतला दुसरा व्हॉल्व्ह उघडला होता, त्याचाही निकाल तोच.

यार्डाचं पत्र ज्यावर उभं होतं ती पुरवठादाराची घोषणापत्रं मागवली. नव्या जहाजासाठी प्रत्येक पुरवठादार दोन कागद देतो. एक पदार्थ-घोषणा, ज्यात वस्तूचं नाव, क्रमांक, किती नग दिले, आणि प्रत्येक घातक पदार्थासमोर 'मर्यादेपेक्षा जास्त: होय किंवा नाही'. दुसरा कागद म्हणजे त्या घोषणेची जबाबदारी घेणारं अनुरूपता-पत्र. या व्हॉल्व्हच्या घोषणेत ॲस्बेस्टॉससमोर 'नाही' होतं. आम्ही हिशेब विचारला. तो आला आणि अगदी सरळ होता. व्हॉल्व्ह ४० किलो. पॅकिंग ६० ग्रॅम, त्यात ३६ ग्रॅम ॲस्बेस्टॉस. ३६ ग्रॅम भागिले ४० किलो म्हणजे ०.०९ टक्के. मर्यादा ०.१ टक्के. म्हणून 'नाही'.

हा पुरवठादार लबाड होता असं मला वाटत नाही. त्याने भागाकार केला, पण छेद चुकीचा घेतला. आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये टक्केवारी एकजिनसी पदार्थाची धरायची असते. यांत्रिक रीतीने, म्हणजे स्क्रू काढून, कापून, खरवडून, आणखी वेगळा करता येत नाही तो एकजिनसी पदार्थ. पॅकिंग व्हॉल्व्हपासून चार बोल्ट काढून वेगळं होतं. तेव्हा छेद ६० ग्रॅमचा, आणि उत्तर ०.०९ नव्हे, ६० टक्के. ओतीव लोखंड घालून ॲस्बेस्टॉस पातळ होत नाही. जो फिटर ते पॅकिंग खरवडणार आहे त्याच्या नाकापुढे ४० किलो लोखंड नसतं, ते साठ ग्रॅमच असतात.

दुसरा गुंता आकड्याचा. ०.१ टक्का हा युरोपात चालणारा आणि आयएमओच्या २०१५ च्या सूचनांनी घेतलेला आकडा. अमेरिकेत ॲस्बेस्टॉसयुक्त पदार्थाची व्याख्या १ टक्क्यापासून सुरू होते. दोन्ही जगांत माल विकणारे कारखाने आहेत, म्हणून सूचनांमध्ये तडजोड आहे: १ टक्का धरला असेल तर तसं यादीत लिहायचं, आणि तेही जहाजतोडणीबद्दलचा हाँगकाँग करार लागू झाल्यापासून पाच वर्षंच. तो करार २६ जून २०२५ ला लागू झाला, म्हणजे ही मुभा २६ जून २०३० ला संपते. जुन्या जहाजांना यादी करून घ्यायची शेवटची तारीखही तीच. त्याआधी जहाज तोडायला निघालं तर यादी त्याआधी हवी. घोषणापत्र हातात आलं की ॲस्बेस्टॉसच्या ओळीत मर्यादा कोणती छापली आहे ते आधी बघावं. 'ॲस्बेस्टॉस-फ्री' या शब्दाला आकड्याशिवाय अर्थ नाही.

व्हॉल्व्ह उघडला त्याच दुपारी इंजिन-स्टोअरमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. रॅकवर जॉइंटिंग शीटची गुंडाळी, कुठल्याशा बंदरात घेतलेली, कागद काहीच नाही. आपल्याकडे फिटर हिला सीएएफ शीट, म्हणजे दाबलेल्या ॲस्बेस्टॉस तंतूंची शीट, म्हणतात, आणि भारतात या शीटसाठी स्वतंत्र भारतीय मानकही आहे. पॅकिंग कापायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: शीट फ्लँजवर ठेवायची आणि बॉलपीन हातोडीने कडेकडेने ठोकत जायची, शीट आपोआप आकारात कापली जाते. प्रत्येक ठोक्याला धूळ. बोल्टच्या भोकांसाठी आणखी ठोके. आणि जुनं पॅकिंग फ्लँजला चिकटलं असेल तर ग्राइंडरला वायर-ब्रश लावून साफ करतात, तेही कोरडं. यापेक्षा वाईट काही करता येणार नाही. २०११ नंतर स्टोअरमधली जुनी शीटसुद्धा जहाजावर बसवता येत नाही, ती आधी विकत घेतलेली असली तरी. हे आयएमओच्या परिपत्रकात स्पष्ट आहे. गुंडाळी ओली करून, दोन थर प्लास्टिकमध्ये बांधून, लेबल लावून किनाऱ्यावर उतरवली.

व्हॉल्व्हचं काय करायचं, हे पुढचं. त्याच खरेदीतले एकूण २२ व्हॉल्व्ह होते. प्रत्येक उघडायची गरज नसते. एकाच मालाचे प्रातिनिधिक नमुने दोषी निघाले की बाकीचेही तसेच धरायचे. सोलासचा भंग करून ॲस्बेस्टॉस आढळलं तर ते व्यावसायिक काढणाऱ्यांकडून, ध्वजराष्ट्राच्या (जहाजाची नोंदणी ज्या देशात आहे त्याच्या) सल्ल्याने, तीन वर्षांच्या आत काढायचं, आणि तोवर ध्वजराष्ट्राने सवलतीचं प्रमाणपत्र द्यायचं. ही मुदत मला योग्य वाटते. बंद सांध्यातलं शाबूत पॅकिंग वाफ सुरू असताना कुणाला इजा करत नाही. घाईघाईने, बिनप्रशिक्षित हातांनी बावीस सांधे उघडले तर नक्की करतं.

डॉकमध्ये नऊ निघाले. ओला सांधा, हातातला स्क्रेपर, पॉवर टूल नाही, शेवटी अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम. त्यांच्या जागी स्टेनलेस पत्र्याच्या गाभ्याचं ग्रॅफाइट पॅकिंग, घोषणापत्रासकट.

या सगळ्यामागचा करार मे २००९ मध्ये हाँगकाँगला झाला. तो लागू व्हायला किमान १५ देश, जगाच्या टनेजच्या ४० टक्के आणि त्या देशांची जहाजतोडणीची पुरेशी क्षमता, या तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागत होत्या. नॉर्वे २०१३ मध्ये पहिला आला, भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणि जून २०२३ मध्ये बांगलादेश आणि लायबेरिया आल्यावर आकडे जुळले. पुढे आणखी दोन वर्षं. सोळा वर्षं हा काळ फार मोठा आहे, आणि तेवढ्या काळात अलंगला आणि मुंबईच्या दारूखान्यात, या जहाजतोडणीच्या ठिकाणी, किती जहाजं यादीशिवाय तुटली असतील, या विचाराने अस्वस्थ व्हायला होतं. ॲस्बेस्टॉसचं दुखणं वीस ते चाळीस वर्षांनी उठतं.

शेवटी यादीच्या भाग १ मध्ये, यंत्रसामग्रीच्या तक्त्यात, एक ओळ लिहिली: ॲस्बेस्टॉस, इंधन तापवण्याच्या वाफेच्या लाइनवरचे व्हॉल्व्ह, बॉनेट पॅकिंग, १३ नग, ०.७८ किलो. सोबत तेरा व्हॉल्व्हचे क्रमांक आणि लाइनचं ड्रॉइंग, लाल पेनाने खुणा केलेलं. प्रत्येक सांध्यावर पिवळा स्टिकर. यादी सांभाळायला मालकाने नेमलेल्या माणसाला सांगून ठेवलं की एक पॅकिंग निघालं की ६० ग्रॅम वजा करायचे आणि त्याच दिवशी तारीख टाकायची.