इथे नाव होतं

इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये रविवारी पहाटे, नीट उजाडलंही नसताना, कुणी हातात टॉर्च घेऊन ओल्या मैदानात दुसऱ्यांच्या गाड्यांच्या डिकीत डोकावताना दिसलं तर घाबरू नका. तो कार बूट सेलला आलेला जुन्या वस्तूंचा व्यापारी असतो. लोक घरातलं नकोसं झालेलं सामान गाडीत भरून आणतात, ताडपत्रीवर मांडतात आणि हे टॉर्चवाले चांगला माल आधीच उचलून नेतात. आमच्यासारखे चहा-नाश्ता उरकून नऊला पोचणारे उरलंसुरलं बघतात.

मी पहिल्यांदा गेलो तो मुलीसाठी सायकल शोधायला. परत आलो एक लोखंडी हत्यारपेटी घेऊन. हिरव्या रंगाचे पोपडे उडालेले, दोन्ही बाजूंना जिन्याच्या पायऱ्यांसारखे उघडणारे कप्पे. म्हणजे पूर्वी उघडत असावेत, कारण सगळे सांधे गंजून एकजीव झाले होते. विकणारा म्हणाला, "उघडत नाही लव्ह, म्हणून पाच पौंड." (इथे पुरुषही पुरुषाला 'लव्ह' म्हणतात. पहिले सहा महिने मी दचकायचो.) घरी बायकोने विचारलं, "आत काय आहे?" म्हटलं, "माहीत नाही, उघडत नाहीये." ती काही बोलली नाही, फक्त सायकलीचं काय झालं ते विचारलं.

तीन दिवस सांध्यांवर तेल सोडत राहिलो. चौथ्या दिवशी झाकण कुरकुरत वर आलं. आत नट-बोल्ट आवळायचे सात-आठ पाने, दोन पटाश्या, पितळी बिजागऱ्यांची घडीची लाकडी फूटपट्टी, पेन्सिलीचं थोटुक आणि बीच लाकडाचा एक अरुंद रंधा. चौकटीच्या कडेला गोलाई काढायला सुतार वापरतात तसला.

आधी पान्यांनी छळलं. एकाच्या तोंडावर छाप होता '१/४ डब्ल्यू'. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरच्या थोडं वर. मोजलं तर तोंड भरलं १३.३ मिलिमीटर! मला वाटलं छापणाऱ्याची चूक. चूक नव्हती. हा डब्ल्यू म्हणजे इंग्लिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ. १८४१ मध्ये त्यांनी स्क्रूच्या आट्यांचं माप सगळीकडे एकच असावं असं सुचवलं. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. त्यांच्या पद्धतीत पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, त्यातून जाणाऱ्या बोल्टच्या जाडीचा असतो. त्यामुळे आपला १३चा पाना त्या नटावर चढतच नाही, आणि १४चा चढतो पण फिरतो, नटाचे कोपरे खाऊन. त्याच तोंडावर शेजारी '५/१६ बीएस' असंही लिहिलेलं असतं, कारण बारीक आट्यांच्या बोल्टची डोकी एक माप लहान असत. याशिवाय नटाची रुंदी थेट इंचात सांगणारे 'एएफ' पाने वेगळे, उपकरणांच्या चिमुकल्या नटांचे 'बीए' वेगळे आणि मिलिमीटरवाले वेगळे. मी आधी सगळे पाने लहान-मोठे असे उतरंडीने लावले होते. दिसायला फार सुंदर, उपयोग शून्य. आता प्रत्येक जातीची कापडी गुंडाळी वेगळी आहे आणि तिला वेगळ्या रंगाची नाडी.

मग पटाश्या. पात्यावर 'कास्ट स्टील' असा छाप. कास्ट म्हणजे ओतीव, ओतीव म्हणजे ठिसूळ, असं गणित मांडून मी त्या भंगाराच्या बादलीत टाकल्या होत्या. वाचवल्या त्या अ‍ॅबीडेलने. शहराच्या दक्षिणेला तिथे विळे-कोयत्यांचा जुना कारखाना जसाच्या तसा जपला आहे, आणि त्यात मुशीत पोलाद वितळवायची एक अख्खी भट्टी आहे. घड्याळांच्या स्प्रिंगांसाठी चांगलं पोलाद मिळेना म्हणून बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने १७४०च्या दशकात ही रीत बसवली: बंद मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवायचं, म्हणजे ते सगळीकडे सारखं होतं. त्या पोलादाला इथे 'कास्ट स्टील' म्हणत. ठिसूळ बिडाशी त्याचा काही संबंध नाही. उलट तो छाप म्हणजे त्या काळची उत्तम धार. गंमत म्हणजे मुशीतलं पोलाद दक्षिण भारतात त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होत होतं. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी 'वूट्झ' या पोलादावर तिथे निबंध सादर केला. भट्टीपुढे उभं राहून हे सगळं मी मुलीला सांगत होतो. तिचं लक्ष बाहेरच्या बदकांकडे होतं.

घरी आल्यावर बादलीतून पटाश्या काढल्या आणि रात्रभर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवल्या. सकाळी काळा चिखल ब्रशने निघाला. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून, लगेच कोरड्या करून तेलाचा हात. इतकंच. घाई करून ग्राइंडरवर धरली असती तर धारेवर निळसर झाक आली असती, आणि निळं झालं की पोलादाचं पाणी उतरलं. तेवढा भाग मग घासून टाकण्यावाचून गत्यंतर नाही. निसण्यावर हळूहळू घासायला दोन संध्याकाळी गेल्या. दांड्यांना जवसाचं तेल लावलं. त्या तेलाचे बोळे चुरगळून डब्यात कोंबू नका. ते आपोआप तापून पेटू शकतात. मी बाहेर तारेवर पसरून वाळवतो.

रंध्याचं मात्र मी वाटोळं केलं. लाकूड काळं, चिकट झालं होतं. पॉलिश पेपर घेतला आणि उत्साहाच्या भरात चारी बाजूंनी लख्ख केला. नव्यासारखा दिसायला लागला आणि मी तो मिरवत मेन्स शेडमध्ये नेला. मेन्स शेड हा मूळचा ऑस्ट्रेलियातला प्रकार, आता इथेही गावोगावी आहे: निवृत्त मंडळी एका सामाईक कार्यशाळेत जमतात, काहीतरी दुरुस्त करतात, चहा पितात. आमच्या शेडमध्ये त्र्याऐंशी वर्षांचे एक फिटर आहेत. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना नुसत्या नावाने हाक मारावी लागते. मनातल्या मनात मी 'आजोबा' जोडून घेतो. त्यांनी रंधा हातात घेतला, पुढच्या टोकावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "छान झालाय. कुणाचा होता?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी कपाटातून दुसरा रंधा काढून दाखवला. टोकावर सगळ्यात वर बनवणाऱ्याचं नाव. त्याखाली ठसठशीत अक्षरांत एका कारागिराचं, त्याखाली वाकडंतिकडं दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. पूर्वी कामगाराची हत्यारं त्याची स्वतःची असत, म्हणून तो नाव ठोकून ठेवी. तो गेला किंवा थकला की हत्यारं सोबत्यांमध्ये विकली जात आणि घेणारा आपलं नाव खाली ठोकी. माझा रंधा त्यांनी खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरला. शेवटची दोन अक्षरं अजून पुसट दिसत होती. बाकीचा माणूस मी शंभर नंबरच्या पॉलिश पेपरने घासून टाकला होता.

तेव्हापासून लाकडावर फक्त मऊ फडकं आणि मेण. मळ निघतो तेवढा निघतो.

शेफिल्डमधल्याच केल्हम आयलंडच्या संग्रहालयात केन हॉली यांचा संग्रह आहे. हॉलींचं शहरात हत्यारांचं दुकान होतं आणि आयुष्यभर त्यांनी इथे बनलेली हत्यारं तर जमवलीच, शिवाय ती बनवायची हत्यारं, अर्धवट घडवलेले तुकडे आणि कारखान्यांचे कॅटलॉगही. काचेमागे ओळीने लावलेले रंधे बघताना मी आता आधी टोकं बघतो. बायको म्हणते, दंतवैद्यासारखा बघतोस.

इंग्लंडमधल्याच रोचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात मात्र उलट प्रकार पाहिला. बेंजामिन सीटन या तरुणाला १७९६च्या डिसेंबरात वडिलांनी लंडनहून हत्यारांचा पूर्ण संच आणून दिला. त्याने पुढचे काही महिने खपून त्यासाठी पेटी केली, हत्यारांची यादीही लिहून ठेवली. आत सरकते कप्पे, करवतींना वेगळी जागा, प्रत्येक वस्तू आपल्या खोबणीत. आणि हत्यारं जवळजवळ वापरलेलीच नाहीत! म्हणूनच ती आजही इतकी टकटकीत आहेत. ती पेटी बघून मला थोडं अपराधी वाटलं, कारण गेल्या वर्षभरात मीही कप्पे केले, फोम कापून खोबणी केल्या, लेबलं लावली. त्या हत्यारांनी केलेलं काम म्हणजे एक स्टूल. तेही डुगडुगतं.

जाता जाता एक सूचना. इथे १९८८च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी धारदार वस्तू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. सेलमधून पटाशी घेतली तर वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी टाकायची आणि सरळ घरी जायचं. खिशातून मूठ बाहेर काढून ट्राममध्ये बसू नये.

मागच्या रविवारी त्याच मैदानात अक्षरं ठोकायचे पंच मिळाले. लाकडी ठोकळ्यात सत्तावीस खिळे: सव्वीस अक्षरं आणि एक 'अँड'चं चिन्ह. त्या घासलेल्या रंध्यावर, उरलेल्या दोन अक्षरांच्या खाली, आपलं नाव ठोकावं असं मनात आलं. पण माझ्या आडनावात 'ळ' आहे, आणि इंग्रजी 'एल' ठोकून आपण आपल्यालाच परकं नाव सांगितल्यासारखं वाटलं! शेडमध्ये ही तक्रार केली तर आजोबांनी पेन्सिलीएवढी पोलादाची कांडी आणि एक बारीक कानस पुढे सरकवली. "मग कर तुझं अक्षर."

तीन संध्याकाळी लागल्या. दोन्ही गाठी सारख्या, मधला दांडा सरळ, असा सुबक 'ळ' झाला. लाल करून तेलात विझवला, मग हलका तापवून पाणी दिलं. टाकाऊ लाकडाच्या तुकड्यावर ठेवून हातोडी मारली, आणि तेव्हा लक्षात आलं की पंचावर अक्षर उलटं कोरायचं असतं.