छत नसलेल्या देशाचा संघ

जीपनीत, म्हणजे मनिलातल्या लांबट शेअर गाडीत, ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे बसायचं नसतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तिथे बसणाऱ्याने मागच्यांचे पैसे पुढे द्यायचे आणि सुटे परत मागे पोचवायचे. "बायाद पो, बायाद पो" (भाडं घ्या; 'पो' हा आदराचा शब्द) करत बारा-बारा पेसो हातोहात माझ्यापर्यंत येत होते आणि माझी कंडक्टर झाली होती. बाहेर धो धो पाऊस. नैऋत्येकडून येणारा आपलाच मोसमी पाऊस; तिथे त्याला हबागात म्हणतात.

ऑगस्ट २०२३. बास्केटबॉल विश्वचषकासाठी मी मनिलाला गेले होते. तारुण्यात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, म्हणून खेळले, गुडघा गेला, खेळ सुटला, वेड काही सुटलं नाही. अशा वेडाला मनिलाइतकं साजेसं शहर नाही. दर गल्लीत रिंग असते. भिंतीवर, विजेच्या खांबावर, एका ठिकाणी तर माडाच्या झाडावर ठोकलेली पाहिली. पोरं स्लीपरवर खेळतात आणि स्लीपर घालून लेअप (पळत येऊन रिंगजवळून अलगद चेंडू टाकणं) मारतात. मला बूट घालूनही कधी तितका सफाईदार जमला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी, २५ ऑगस्टला, सरकारी कचेऱ्या आणि सरकारी शाळांना सुट्टी होती. बोकावेच्या फिलिपिन अरेनात ३८,११५ प्रेक्षक जमले, हा विश्वचषकातला उच्चांक. मी मात्र राहत्या जागेशेजारच्या कारिंदेरियात, म्हणजे साध्या खानावळीत, भात-आदोबोच्या (व्हिनेगर-सोयात शिजवलेलं मांस) ताटावर टीव्हीपुढे होते. डॉमिनिकन रिपब्लिकने यजमानांना ८७-८१ हरवलं, तेव्हा मालकीणबाईंनी रागाने पातेल्यावर झाकण असं आपटलं की बाहेरचं कुत्रं पळालं.

दुसऱ्या दिवशी मी कुबाओच्या अरानेता कोलिझियममध्ये गेले. अली-फ्रेझरची १९७५ सालची मुष्टियुद्धाची लढत झालेला हाच तो 'बिग डोम'. त्या दिवशीचं परवडणारं तिकीट होतं दक्षिण सुदान विरुद्ध पोर्तो रिकोचं. भक्ती वगैरे काही नव्हती, खिशाचा हिशेब होता.

शेजारच्या खुर्चीवर सत्तरीतले एक आजोबा होते, पाठीवर घामासाठी टॉवेल खोचलेला. त्यांना मी तिथल्या रीतीप्रमाणे 'लोलो', म्हणजे आजोबा, म्हणू लागले. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी क्षणभर आठवून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही इथेच खेळला होता ना? पात्रता फेरी." खरंच की. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच मैदानात आपण फिलिपिन्सकडून ८८-६४ हरलो होतो. आपल्याकडे किती जणांच्या ते लक्षात असेल? लोलोंच्या होतं.

दक्षिण सुदान हा देश ९ जुलै २०११ ला जन्मला, आणि हा त्यांचा पहिलाच विश्वचषक. तेव्हा देशात छप्पर असलेलं एकही बास्केटबॉल कोर्ट नव्हतं, म्हणजे सराव करायचा तर परदेशात. यादवीत घरं सोडून गेलेल्यांची मुलं कुणी अमेरिकेत वाढलेली, कुणी ऑस्ट्रेलियात, कुणी युगांडात. त्यांना गोळा केलं लुओल डेंगने. लहानपणी तो सुदानमधून इजिप्तला निसटला, तिथून ब्रिटनला गेला, पुढे एनबीएत, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, तारा झाला. २०१९ मध्ये तो दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला आणि पदरचे पैसे घालून हा संघ चालवत होता. प्रशिक्षक रॉयल आयवी हाही एनबीएत खेळलेला. बाकावर खामान मलुआच नावाचा सात फुटांहून उंच मुलगा बसला होता, वय अवघं सोळा. त्याने चेंडू हातात धरला तोच मुळी चार वर्षांपूर्वी, युगांडात. मी त्याला वॉर्मअपमध्ये पाहिलं तेव्हा तो रिंगशी हस्तांदोलन केल्यासारखा डंक करत होता, म्हणजे चेंडू हातानेच वरून रिंगमध्ये कोंबत होता.

आणि त्यांचा खेळ! चेंडू हाती आला की पळा. कार्लिक जोन्स हा त्यांचा गार्ड कुणी अंगावर आलं तरी थांबत नव्हता, फक्त दिशा बदलायचा. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि ते १०१-९६ हरले. पहिल्याच सामन्यात इतक्या जवळ येऊन हरलं की पुढचे सामने ढिले पडतात, हा माझा अनुभव. लोलो म्हणाले, "यांचं तसं होणार नाही." मी विचारलं, कशावरून? त्यांनी बाकाकडे बोट केलं. हरलेल्या संघाचं एकही डोकं टॉवेलखाली नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी चीनला ८९-६९ असं धुतलं. मी घसा बसेपर्यंत ओरडले. विश्वचषकातला त्यांचा हा पहिलाच विजय. सर्बियापुढे मात्र ८३-११५ असा निकाल लागला. त्या सामन्याचं मला एवढंच आठवतं की दक्षिण सुदानच्या एका खेळाडूचं कोपर सर्बियाच्या बोरिसा सिमानिचला लागलं आणि तो खाली बसला. फाउल म्हणून सोडून दिलेली गोष्ट. पुढे कळलं, मनिलातच शस्त्रक्रिया करून त्याची एक किडनी काढावी लागली. आम्ही गॅलरीत त्या क्षणी पॉपकॉर्न खात होतो.

मग आली ३१ तारीख. गटात मागे पडलेल्या संघांची फेरी, आणि समोर खुद्द फिलिपिन्स.

तीन सामने हरलेला यजमान संघ, बाहेर वादळामुळे चढलेला हबागात, आत "पुसो! पुसो!" चा गजर. पुसो म्हणजे हृदय, काळीज. फिलिपिनो संघाकडे उंची कमी असली तरी काळीज आहे, ही त्यांची जुनी भूमिका. १९५४ च्या विश्वचषकात त्यांनी ब्राँझ मिळवलं होतं. कुठल्याही आशियाई संघाला त्याच्या वर जाता आलेलं नाही आणि हे वाक्य मला त्या पंधरवड्यात किमान सहा जणांनी ऐकवलं.

माझी अडचण झाली. जिच्या हातचा भात रोज जेवत होते त्या मालकीणबाई फिलिपिन्सच्या, आणि मन तर दक्षिण सुदानवर जडलेलं. मी निळा टीशर्ट घालून गप्प बसायचं ठरवलं. दुसऱ्या सत्रात जोन्सने मागे न बघता पास दिला, डंक झाला आणि माझ्या तोंडून "वाऽ!" निघून गेलं. पुढच्या रांगेतल्या चौघांनी मागे वळून पाहिलं. लोलोंनी त्यांना तागालोगमध्ये काहीतरी सांगितलं, बहुधा "बाहेरची आहे, सोडून द्या."

निकाल ८७-६८, दक्षिण सुदानच्या बाजूने. चौथ्या सत्रातच लोक छत्र्या शोधू लागले होते. फिलिपिन्सच्या प्रशिक्षकाच्या नावाने हुर्यो झाली. मला खरं नवल वाटलं ते नंतर. पराभव पचवून जे दोन-तीनशे लोक थांबले होते, ते दक्षिण सुदानच्या खेळाडूंना हाका मारत होते, टी-शर्टवर सह्या मागत होते. आपण हरलो की आपण टीव्ही बंद करतो. हे लोक हरले तरी त्यांना खेळ बघायचा असतो. मला त्यांचा हेवा वाटला, अगदी मनापासून.

हिशेब असा होता: आफ्रिकेतले पाच संघ स्पर्धेत होते, त्यांतला सर्वात वरचा २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला थेट जाणार. २ सप्टेंबरला समोर अंगोला. आफ्रिकेत एके काळी अंगोलापुढे कुणाचं काही चालायचं नाही. प्रेक्षक तुरळक होते, संध्याकाळच्या यजमानांच्या सामन्याची गर्दी अजून रस्त्यावर होती. दक्षिण सुदानने १०१-७८ असं जिंकून टाकलं. शेवटच्या मिनिटात कुणी घड्याळाकडे बघतही नव्हतं. मग झेंडे आले, नाच आला, एकमेकांच्या गळ्यात पडून रडणं आलं. सोळा वर्षांचा मलुआच सगळ्यांच्या डोक्यावरून दिसत होता, त्याला गर्दीत हरवणंच शक्य नव्हतं.

लोलो उठले नाहीत. टॉवेल काढून घडी घालत म्हणाले, "पॅरिसला छप्पर असेल ना?" आणि स्वतःच हसले.

माझ्याकडे संध्याकाळचं तिकीट नव्हतं. मी कारिंदेरियात परतले. फिलिपिन्सने चीनला ९६-७५ हरवलं, जॉर्डन क्लार्कसनने ३४ गुण केले, आणि स्पर्धेतला त्यांचा एकमेव विजय साजरा करताना मालकीणबाईंनी मला दुसऱ्यांदा भात वाढला, पैसे न घेता. मग हळूच विचारलं, "तू परवा कुणाच्या बाजूने होतीस?"

मी म्हटलं, "पो?" म्हणजे, काय म्हणालात?

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ताटातलं अंडं मात्र गायब होतं.