आमची वाटचाल : शालेय तक्ते आणि त्यांचा कॉपीराइट

आम्ही सांगलीत शाळांच्या भिंतींवर लावायचे तक्ते तयार करतो. मुळाक्षरे, पाढे, महाराष्ट्रातील प्राणी-पक्षी असे आमचे विषय आहेत. चित्रे इकडून तिकडून उचलायची नाहीत, ती चित्रकाराकडूनच काढून घ्यायची, हे पहिल्यापासून ठरलेले होते. मजकूर बाहेरच्या शिक्षकाकडून लिहून घेतला, तर केवळ मानधन दिल्याने त्याचा हक्क आपल्याकडे येत नाही, तो लेखी करारानेच घ्यावा लागतो आणि करारात मुदत नमूद नसेल तर कायदा ती 5 वर्षेच धरतो, हे वकिलांनी वेळीच सांगितल्यामुळे प्रत्येक तक्त्याच्या फाइलमध्ये सहीचा करार, पेन्सिलची कच्ची रेखाटने आणि छपाईचे बिल एकत्र राहिले.

आमच्या प्राण्यांच्या तक्त्याची हुबेहूब नक्कल शेजारच्या राज्यातील एका छापखान्याने बाजारात आणली, तेव्हा हीच फाइल कामी आली. शेकरूच्या शेपटीचे टोक आमच्या चित्रकाराने फांदीच्या मागून वळवून घेतले होते, आणि नकलेत ते वळण, फांदीवरच्या गाठीसह, जसेच्या तसे उतरले होते. शेकरू कोणीही काढू शकतो, कारण विषयावर कोणाचीच मालकी नसते. हे वळण मात्र आमच्या चित्रकाराचे होते.

कॉपीराइट कलाकृती निर्माण होताच मिळतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2012 मधील एका निकालाने नोंदणीशिवाय दावाच चालणार नाही असे म्हटले होते, परंतु त्याच न्यायालयाने 2021 मध्ये खाद्यतेलाच्या लेबलावरील संजय सोया प्रकरणात नोंदणी ऐच्छिकच असल्याचे सविस्तर कारणांसह ठरवले. तरीही आम्ही नोंदणी करतो. 1957 च्या कायद्याचे कलम 48 नोंदवहीतील तपशिलाला प्रथमदर्शनी पुरावा मानते, म्हणजे सातबाऱ्यावरील नोंदीप्रमाणे तो तपशील विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरा धरला जातो. शाळा सुरू होण्याच्या तोंडावर माल खपत असताना मालकी शाबीत करण्यात महिने घालवणे लहान व्यवसायाला परवडत नाही. अर्जाचे शुल्क एका कलाकृतीला 500 रुपये आहे आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते.

कलम 62 मुळे दावा आम्हाला आमच्याच जिल्हा न्यायालयात लावता आला, ही आमच्यासारख्यांना मोठीच सोय आहे. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि कमिशनर नेमून छापील साठा व प्लेटा ताब्यात घेतल्या. पुढे तडजोड झाली आणि विक्रीचा हिशेब देऊन भरपाईही मिळाली. फौजदारी मार्गही खुला होता. कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. आम्हाला मात्र विक्री थांबणे अधिक निकडीचे होते आणि त्यासाठी दिवाणी दावाच योग्य होता, असे माझे आजही मत आहे.

आता प्रत्येक तक्त्याच्या तळाशी आम्ही हक्काची सूचना, वर्ष आणि नोंदणी क्रमांक ठळक छापतो. हक्काची कल्पना नव्हती आणि शंका घेण्यासही कारण नव्हते, असे प्रतिवादीने सिद्ध केले तर कलम 55 प्रमाणे त्याच्याविरुद्ध मनाई हुकूम आणि नफ्यातील रास्त वाटा एवढेच मिळते, आणि असा बचाव घेण्यास आम्ही कोणालाही जागा ठेवू इच्छित नाही.