मेर्सेद म्हणजे मेहेरबानी, पण अर्धीच

परवा पेरू देशातल्या एका द्राक्षवाल्याची स्पॅनिश मेल मराठीत करून देत होते, त्यात एक वाक्य आलं, 'एस्तामोस आ मेर्सेद देल क्लिमा'. आधी मी टाइप केलं 'आम्ही हवामानाच्या हातात आहोत', मग ते खोडलं आणि 'हवामानाच्या मेहेरबानीवर आहोत' केलं, आणि एकदम बरं वाटलं, कारण मेर्सेद या शब्दाला मेहेरबानीइतका जवळचा शब्द दुसरा नाहीच.

तसा हा शब्द रोजच्या बोलण्यातला नाही, कागदावरचा आहे. 'मेर्सेद आ' असं आलं की 'च्या कृपेने', 'च्यामुळे'. मूळ लॅटिनमध्ये मात्र याचा अर्थ होता मजुरी, मोबदला. कामाच्या पैशापासून निघालेला शब्द कृपेपर्यंत पोचला!

पण मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. जुन्या स्पॅनिशमध्ये मोठ्या माणसाला थेट तू न म्हणता 'व्हुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली मेहेरबानी' म्हणायचे, ते बोलून बोलून झिजलं आणि त्याचं झालं 'उस्तेद', आजचं तुम्ही. क्लासमध्ये आम्ही सगळे इथेच अडखळायचो, की समोरच्याशी बोलतोय तर क्रियापद 'तो'चं का? तू आहेस म्हणजे 'तू एस्तास', आणि तुम्ही आहात म्हणजे 'उस्तेद एस्ता', जे 'तो आहे'चं रूप आहे. अहो, कारण बोलणं माणसाशी नाही, त्याच्या मेहेरबानीशी चाललंय, आणि ती तृतीय पुरुषी! आपल्याकडे 'सरकार जेवले का' असं सरकारांनाच विचारायचे ना, तसंच.

आणि आपला अर्ज आठवा. 'मे. तहसीलदार साहेब यांस', 'मे. कोर्टास विनंती'. तो 'मे.' म्हणजे मेहेरबान. स्पॅनिश पत्रात उस्तेदचं 'व्हे दे' (Vd.) असं दोन अक्षरी रूप लिहितात, त्याच्याही पोटात मेर्सेदच आहे. दोन्हीकडे मेहेरबानीची अशी एक-दोनच अक्षरं उरलीत हे लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ तो अर्जच बघत बसले होते.

पोर्तुगीजमध्येही हेच, 'व्होसा मेर्से'चं 'व्होसे' झालं. पणजीजवळच्या मर्सेस गावाचं नावही याच घरातलं.

मेहेरबानी कमी पडते ती जमिनीपाशी. स्पेनच्या राजवटीत जमीन बहाल करायचे त्यालाही मेर्सेदच म्हणत. आज अमेरिकेत असलेल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या लास त्राम्पास गावाची मेर्सेद 1751 ची, 12 कुटुंबांना दिलेली, घर-शेत ज्याचं त्याचं पण रान आणि कुरण सगळ्यांचं मिळून. मेक्सिको आणि अमेरिकेच्या 1848 च्या तहानंतर तो मुलूख अमेरिकेकडे गेला, अशा कितीतरी गावांची सामाईक रानं हातची गेली, तरी तिथले लोक आजही त्या जमिनीला 'ला मेर्सेद'च म्हणतात. इथे मी 'इनाम' लिहिते, पण नुसतं इनाम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकटा इनामदार उभा राहतो, म्हणून 'गावाला मिळालेली इनाम जमीन' असं लांबलचक लिहावं लागतं, आणि ते मी लिहितेच.