१८ किलोमीटरची धार, ११ वर सोडली

डोंगराच्या धारेवरून आडवं जायचं ठरलं तेव्हा आम्हा तिघांच्या गाठीशी एकेका दिवसाच्या सात-आठ चढाया होत्या, बस्स. नकाशावर लांबी भरली १८ किलोमीटर, पायथा आणि सर्वांत उंच टोक यांच्यात फरक ७०० मीटर. "सहा तासांत होतंय," असं मीच म्हणालो होतो.

गणित तिथेच फसलं. धार म्हणजे करवतीचे दाते. खिंडीत उतरायचं, पुन्हा चढायचं. हे सगळे चढ बेरजेला धरल्यावर १८०० मीटर झाले. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा हिशेब आजही कामाला येतो: ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे कुठेही न थांबता साडेसहा तास. पाय नवखे आणि पाठीवर ओझं असेल तर सरळ दीडपट धरा.

पहाटे सहाला निघालो. पहिल्या खिंडीपुढे दोन पुरुष उंचीचा खडकटप्पा लागला. चढायला सोपा. वर पोचून मागे पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. परत फिरायची वेळ आली असती तर दोराशिवाय तो कोणालाच उतरता आला नसता. उतरता येणार नाही ते चढू नये, हे तिघांनाही पाठ होतं. बोललं मात्र कोणी नाही.

पाणी माणशी दोन लिटर घेतलं होतं. धारेवर थेंब नाही. दुपारी दीडला दुसऱ्या खिंडीत माझ्या बाटलीच्या तळाशी चार घोट उरले होते, आणि तेवढ्यात पश्चिमेला वीज चमकली. गडगडाट यायला १५ सेकंद, म्हणजे ढग जेमतेम ५ किलोमीटरवर. वीज आणि गडगडाट यांच्यातलं अंतर ३० सेकंदांच्या आत आलं की धार सोडायची.

खाली उतरायच्या वाटा आधीच नकाशात पाहून ठेवल्या होत्या. तेवढं एकच काम आम्ही धड केलं होतं! जवळच्या घळीत समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) खाली एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे तिथे कडा. म्हणून लांबची, डोंगरावरून खाली उतरत जाणारी सोंड धरली. घसाऱ्यावर दोनदा बसकण मारली, गुडघे बोलायला लागले, पण उजेड असेपर्यंत खाली आलो.

उरलेले ७ किलोमीटर आता दुसऱ्या टोकाकडून करणार आहोत, माणशी चार लिटर घेऊन. तिकडून दुसऱ्या खिंडीपर्यंत तो खडकटप्पा लागतच नाही.