कालचा सर्व्हर, आजचा सर्व्हर: आमची वाटचाल

गोव्यातल्या म्हापशातून आम्ही हॉटेलं, औषधांची दुकानं आणि पतसंस्थांचे डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) चालणारे सर्व्हर सांभाळतो. या धंद्यात सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न एकच: "काल चालत होतं, आज का चालत नाही?" कालपासून आजपर्यंत या मशीनवर काय बदललं आणि ते माणसाने बदललं की पॅकेजने (बसवलेल्या सॉफ्टवेअरने), एवढं कळलं की अर्धं काम झालं. हे उत्तर मशीनकडूनच लिहून घ्यायला आम्ही हळूहळू शिकलो.

सुरुवात वहीने झाली. वहीत आठवेल तेवढंच येतं, रात्री घाईत बदललेली ओळ येत नाही. मग फाइल बदलण्याआधी शेजारीच '.ओल्ड' नावाची प्रत ठेवायला लागलो. ही सवय धोक्याची आहे. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर डेबियनवर 'साइट्स-एनेबल्ड' या फोल्डरमधली प्रत्येक फाइल वाचतो, जुनी प्रतसुद्धा. एकाच नावाच्या दोन साइट्स होतात आणि नक्की कुठली लागू आहे तेच कळेनासं होतं. पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीचा लॉग कोणतं पॅकेज कधी आलं ते सांगतो, पण सेटिंगची कुठली ओळ बदलली ते सांगत नाही.

खरा फरक पडला तो ईटीसीकीपरने. डेबियनवर बरीच वर्षं काम केलेल्या जोई हेस यांनी २००७ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर, जीपीएल परवान्याखालचं. ते संपूर्ण ईटीसी डिरेक्टरी, म्हणजे सगळ्या सेटिंग्जचं फोल्डर, गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ठेवतं आणि पॅकेजं आणणाऱ्या एपीटीला जोडून घेतं. पॅकेज टाकण्याआधी जे नोंदवायचं राहिलं असेल त्याचं एक कमिट (इतिहासातली नोंद) होतं, पॅकेज टाकून झाल्यावर दुसरं. त्यामुळे आपला हात आणि पॅकेजचा हात आपोआप वेगळे दिसतात. शिवाय नोंद न झालेला बदल उरला असेल, तर दिवसाकाठी एक 'डेली ऑटोकमिट' होतं. काही जण ते बंद करतात, आम्ही मुद्दाम चालू ठेवतो. लॉगमध्ये ते दिसलं, की कोणीतरी फाइल बदलून नोंद न करता निघून गेलंय हे कळतं. प्रत्येकाला वेगळं लॉगिन देऊन सुडो (तात्पुरते पूर्ण अधिकार देणारी आज्ञा) वापरायला लावलं, तर कमिटवर बदलणाऱ्याचं नावही येतं. सगळे थेट रूट या सर्वाधिकारी खात्याने शिरत असतील तर हा फायदा गेला.

इथे काही खड्डे आहेत. हॉटेलच्या किचनमध्ये केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) छापणारे प्रिंटर कप्स या छपाईच्या सॉफ्टवेअरवर असतात. कप्सची 'प्रिंटर्स डॉट कॉन्फ' फाइल प्रिंटरची स्थिती बदलली की वेळ टाकून पुन्हा लिहिली जाते, म्हणजे रोज एक फुकटचं कमिट. ती गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी) टाकावी, पण ईटीसीकीपरने स्वतःसाठी राखलेल्या ओळींच्या बाहेर, सगळ्यात खाली. फाइल आधीच नोंदीत असेल तर 'गिट आरएम कॅश्ड' करून काढावी लागते, नुसतं इग्नोर पुरत नाही. उलट गोष्टही आहे: अपग्रेडमध्ये पॅकेजने नवी सेटिंग म्हणून बाजूला ठेवलेल्या '.डीपीकेजी-डिस्ट' फाइली ईटीसीकीपर मुळातच इग्नोर करतं. त्या गिटमध्ये कधीच दिसणार नाहीत, 'फाइंड' ही आज्ञा लावून शोधाव्यात.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे जुनी फाइल परत आणणं. गिटला फाइलचा मालक कळत नाही आणि परवानग्यांपैकी फक्त 'चालवता येते की नाही' एवढंच कळतं. म्हणून ईटीसीकीपर मालक व परवानग्या '.ईटीसीकीपर' नावाच्या फाइलीत लिहून ठेवतं. घाईत शॅडो फाइल (पासवर्डच्या हॅशची, म्हणजे गुप्त रूपांची) 'गिट चेकआउट' करून परत आणली, तर नेहमीच्या यूमास्कमुळे (नव्या फाइलीच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) ती ६४४ परवानगीने तयार होते आणि मशीनवरच्या कोणालाही वाचता येते. आमचा क्रम ठरलेला: आधी यूमास्क ०७७ (फक्त मालकाला वाचता येईल असा), मग चेकआउट, मग लगेच 'ईटीसीकीपर इनिट', म्हणजे मूळ परवानग्या परत बसतात. याच कारणासाठी हा गिटचा साठा बाहेरच्या कुठल्याही सेवेवर ढकलू नये. त्यात पासवर्डचे हॅश असतात, दुरून लॉगिन करण्याच्या एसएसएचच्या किल्ल्या असतात. डेटाबेसचा पासवर्ड एकदा कमिट झाला, की नंतर ओळ पुसली तरी इतिहासात राहतो. तो पासवर्डच बदलायचा.

पावसाळ्यात लाईट जाते आणि यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर मशीन झटक्यात बंद पडतं. डेबियन ११ वरचं गिट २.३० कमिटचे तुकडे डिस्कवर पक्के होईपर्यंत थांबत नाही. मग 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी' अशी चूक येते. 'गिट एफएससीके' या तपासणीने रिकाम्या फाइली शोधून काढायच्या आणि आमच्या कार्यालयात ठेवलेल्या प्रतीतून त्या तुकड्यांची भरपाई करायची. आवृत्ती २.३६ पासून त्यासाठी 'कोअर डॉट एफसिंक' ही सेटिंग आहे, पण सुटे तुकडे पक्के करायला तिच्यात मुद्दाम सांगावं लागतं.

पुढे लक्षात आलं, की ईटीसी बदललीच नाही तर कमिटही होत नाही. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचा सुरक्षा अपडेट आला तरी गिटमध्ये खूण नाही. म्हणून पॅकेज टाकून झाल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टच्या ईटीसीकीपरच्या 'पोस्ट-इन्स्टॉल डॉट डी' या फोल्डरमध्ये ४० ने सुरू होणारी आमची छोटी स्क्रिप्ट ठेवली. ती पॅकेजं आणि त्यांच्या आवृत्त्यांची यादी ईटीसीतल्या एका फाइलीत लिहिते. कमिट करणारी स्क्रिप्ट ५० नंबरची, म्हणून आपली त्याआधी चालली पाहिजे.

मोठे अपग्रेड आम्ही जून ते सप्टेंबरमध्ये करतो, सीझन सुरू व्हायच्या आत आणि गणेशचवथीचे दिवस टाळून. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्या दिवशी दुकानाच्या मशीनला हात लावत नाही. आधी गिटमध्ये टॅग (खुणेचं नाव), मग अपग्रेड, मग टॅगशी तुलना. डेबियन १० (बस्टर) वरून ११ (बुल्सआय) वर जाताना सिक्युरिटी रिपॉझिटरीच्या, म्हणजे सुरक्षा अपडेट जिथून येतात त्या साठ्याच्या, नावाची घडणच बदलली: 'बस्टर/अपडेट्स' च्या जागी 'बुल्सआय-सिक्युरिटी'. नुसता बस्टर शब्द बदलला तर एपीटीला ती जागा सापडत नाही. १२ मध्ये दुरून लॉगिनसाठीचं ओपनएसएसएच जुन्या एसएचए-१ पद्धतीच्या सह्या मुळात स्वीकारत नाही, त्यामुळे जुन्या नेटवर्क स्विचचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट थांबते.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने नवी अडचण दाखवली. मशीन सुरू करणारं सिस्टमडी आता कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) सेटिंग्जची 'सिसकंट्रोल डॉट कॉन्फ' ही फाइल वाचतच नाही. गेटवे म्हणून (इतरांना इंटरनेटशी जोडायला) लावलेल्या मशीनवर आयपी फॉरवर्डिंगची, म्हणजे डेटा पुढे पाठवण्याची, ओळ तिथे असेल, तर रीबूटनंतर पाहुण्यांचं वायफाय जोडलेलं दिसतं आणि पुढे काहीच जात नाही. ती ओळ 'सिसकंट्रोल डॉट डी' या फोल्डरमध्ये, शेवटी '.कॉन्फ' असलेल्या वेगळ्या फाइलीत हलवावी लागते. फाइलीत काय लिहिलंय यावरून हे कळत नाही, कर्नलमध्ये प्रत्यक्ष काय लागू आहे ते पाहावं लागतं. म्हणून आता अपग्रेडआधी आणि रीबूटनंतर 'सिसकंट्रोल -ए' चं सगळं उत्तर फाइलीत घेतो, दोन्ही क्रमाने लावून ताडून पाहतो आणि मगच मशीन गिऱ्हाइकाच्या हाती देतो.